बुटका माझ्यात बुडतो

मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. पिवळ्या प्लॅस्टिकची, तळहाताएवढी, खालच्या बाजूला पितळी दातांची एक ओळ असलेली. माझ्यावरचं चित्र केव्हाच निघून गेलं. मित्रांनो, आज तुम्ही मला हातात घेतलंत तर साबणाची वडी समजून बाजूला

(चित्र थिजलं. कॅसेट काढा. फुंकर मारा. परत घाला.)

मी एक जुनी कॅसेट आहे. माफ करा, मी मध्येच अडकते. मोठा धक्का बसला की माझं असं होतं, आणि मला बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. तरी पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटात एक हिरवी पट्टी बसवली, झाकण दाबलं, स्क्रू पिळले आणि मला बहिणींबरोबर खोक्यात भरलं. पट्टीत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी मला खेळाच्या सेटमध्ये खोचलं, वीज आली, आणि मला कळलं की माझ्या पोटात एक माणूस राहतो.

त्याला लाल मुंडासं होतं, मोठं नाक होतं आणि पाय इतके आखूड, की तो चालायला लागला की घरंगळल्यासारखा दिसे. त्याचं खरं नाव परदेशी अक्षरांत होतं. बेला गावच्या पोरांनी त्याला बुटका म्हटलं आणि तेच नाव राहिलं. दरवाज्यावर चिलीम ओढत बसलेल्या म्हाताऱ्यापासून निघून बुटक्यानं खड्डे ओलांडायचे, विंचवांवरून उड्या मारायच्या आणि वेळ संपण्याआधी डोंगरावरचा विझलेला कंदील पेटवायचा. एवढाच खेळ.

वाटेत एक तळं होतं. तळ्यावर फळ्या तरंगत होत्या, वरखाली होणाऱ्या. फळीवरून फळीवर उडी चुकली की बुटका पाण्यात पडे, दोन्ही हात वर करी आणि खाली जाई. मग बुडबुडे. मग एक छोटासा, रडल्यासारखा आवाज.

पाणी म्हणजे मरण. हा माझा नियम होता. मला वाटायचं, जगाचाच हा नियम आहे.

मला बेल्याला आणलं मारोतीनं. ऐन पंचविशीतला गडी. आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामभर काम करून तो परतला, तो सेट आणि मला पिशवीत घेऊनच. घरच्या समोरच्या खोलीत त्यानं टीव्ही मांडला आणि गावातली पोरं गोळा झाली. काय दिवस होते ते! लाइट आली की चपलांचा ढीग दाराशी पडायचा. बुटका बुडाला की सगळे एका सुरात ओरडायचे, "गेला बे!" आणि हसत हसत पुन्हा सुरुवात करायचे. मारोतीची वहिनी राहीबाई दारात बसून कापसातला कचरा वेचायची. तिनं रिमोट कधी हातात धरला नाही, पण तिची नजर टीव्हीवरून हटत नसे. मारोती तर फळ्यांवरून असा जायचा, जसा कुणी आपल्याच अंगणातून जातो.

पण आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास घरात माणसांआधी कापूस शिरतो. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत समोरच्या खोलीत छताला भिडेपर्यंत रचायचा आणि माणसांनी ओसरीत झोपायचं, अशी रीत. खोली मारोतीच्या थोरल्या भावाची, चंपतरावांची.

"मारोती, तुह्या बुटक्याले सांग, बिऱ्हाड हलव. कापूस येऊन राह्यला."

"दादा, पोरं कुठं जातील मंग?"

"कापूस कुठं जाईल, थे सांग. बुटक्याच्या डोक्यावर ठेवू काय?"

राहीबाई पदराआड हसली. मारोती हसला नाही. खोली गेली की खेळ गेला, हे त्याला कळत होतं. मलाही.

त्याच दिवसांत राहीबाईचा मावसभाऊ वामनराव भैंसा गावाहून दसऱ्याचं सोनं द्यायला आला. जिनिंगचा दिवाणजी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. टीव्हीवर बुटका पाहून तो म्हणाला, "हा खेळ तर माह्या घरी हाय. मेहुण्यानं दुबईहून पाठवला. मी डोळे झाकून खेळतो."

"डोळे उघडे ठेवून खेळा आधी," मारोती म्हणाला.

चंपतरावांनी संधी साधली. "मंग लावा पट, होऊ द्या शर्यत! आमचा मारोती जिंकला तर खोली वर्षभर त्याची, कापूस गोठ्याच्या माळ्यावर टाकतो. नाई कंदील पेटवला, तर सकाळी खोली रिकामी. हाय कबूल?"

मारोतीनं मला सेटमधून काढून मुठीत घेतलं. "हाय कबूल," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी वामनराव आपला सेट आणि कॅसेट घेऊन आला. शेजारून दुसरा टीव्ही आणला. दोन टीव्ही शेजारी शेजारी, समोर दोन माणसं, मागे अख्खं गाव. पंच म्हणून यशवंतराव बसले. शंकरपटात बैलजोड्या पळतात तेव्हा झेंडी त्यांच्याच हातात असते.

आणि इथेच ती गोष्ट घडली, जी आमच्याच गावात घडू शकते. यशवंतराव म्हणाले, "पटात आपण चाकोरी बदलून देतो. एकाची माती भुसभुशीत, एकाची टणक, अशी मागून रड नको. तसंच इथं करा. याची कॅसेट त्याले, त्याची याले."

सगळ्यांनी माना डोलावल्या. न्यायाचीच गोष्ट होती. दोन्हींत बुटका तोच, डोंगर तोच. कुणाला शंका यावी?

मला काढून वामनरावाच्या सेटकडे नेलं. त्याची कॅसेट मारोतीच्या सेटकडे आली. जाताना आम्ही एकमेकींना घासलो. तोच पिवळा रंग, तेच पितळी दात. मला वाटलं, बहीण भेटली.

झेंडी पडली.

मला डोळे नाहीत. माझ्या पोटात जे घडतं ते मला कळतं, बाकीचं मी माणसांच्या आवाजावरून आणि मागाहून झालेल्या बोलण्यावरून जाणते. पलीकडून मारोतीचा आवाज आला, "अबे, दरवाज्यावरच्या म्हाताऱ्याची चिलीम कुठं गेली? याच्या हातात तं फूल हाय!"

"सोडली असंल त्यानं," मागून कुणीतरी म्हणालं आणि खोली खदखदली.

मी हसले नाही. माझा म्हातारा चिलीम ओढत होता. आत्ता, या क्षणी ओढत होता. मग तो दुसरा कोण?

इकडे वामनराव भरधाव तळ्यापाशी पोचला. तो थांबला नाही. फळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. बुटक्याला सरळ पाण्यात

(चित्र थिजलं. कॅसेट काढा. फुंकर मारा.

नाही, थांबा, ते चित्र थिजलं नव्हतं. थिजले होते ते वामनरावाचे हात.)

बुटक्यानं हात वर केले. बुडबुडे. आवाज.

"हे काय? हा मेला काऊन?"

"पाण्यात टाकल्यावर मरणार नाई तं काय, न्हाणार?" पोरं ओरडली.

वामनरावानं पुन्हा तेच केलं. सरळ पाण्यात. पुन्हा बुडबुडे. तिसऱ्यांदाही तेच, फक्त या वेळी बटण इतकं जोरात दाबलं की माझे दात हलले. बुटक्याचे सगळे जीव संपले. मित्रांनो, मी असा माणूस पाहिला नव्हता, जो पाण्यात एवढ्या विश्वासानं जातो. मला त्याचीच भीती वाटली.

"कॅसेट खराब हाय! तुमी कायतरी केलं हिले!" असं म्हणत त्यानं मला उपटून मुठीत आवळलं.

आणि त्याच वेळी मारोती ओरडला, "फळ्या कुठं हाय?"

पोरं त्याच्या टीव्हीकडे सरकली. त्याच्या टीव्हीवर तळं होतं, पलीकडचा काठ होता, डोंगरावर विझलेला कंदील होता. फळ्या नव्हत्या. एकसुद्धा नव्हती. बुटका काठावर उभा होता आणि वरच्या कोपऱ्यातले आकडे घटत होते.

"दोघंबी हारले," चंपतराव म्हणाले. "खोली माही."

"भाऊजी," राहीबाई दारातून मारोतीला म्हणाली, "जाऊ द्या त्याले पाण्यात."

"वयनी, मरंल थो! आत्ताच तीनदा पाह्यलं ना तुमी?"

"उभा राहूनबी मरूनच राह्यला. आन् वामनदादा काय येडे हायेत काय, सरळ पाण्यात जायाले? त्याईच्या घरी जमत असंल म्हणूनच गेले ना?"

वामनराव मला मुठीत धरून मारोतीच्या टीव्हीकडे वळला. 

मारोतीनं श्वास घेतला. बटणाचा आवाज आला. मी बुडबुड्यांची वाट पाहू लागले. आयुष्यभर ज्यांच्यानंतर नेहमी रडणं आलं, ते बुडबुडे.

आलेच नाहीत.

"पोहून राह्यला!" एक पोरगं किंचाळलं. "बाप्पा! बुटका पोहून राह्यला!"

मित्रांनो, हा तो धक्का. जो माणूस माझ्या पोटात एवढ्या वेळा बुडाला, त्याला पोहता येत होतं. फक्त माझ्यात येत नव्हतं. माझी बहीण त्याला पाण्यावर तरंगवत होती आणि मी इतके दिवस त्याला बुडवत होते, कुणी विचारलं नाही म्हणून

(कॅसेट काढा. फुंकर मारा. परत घाला.)

कंदील पेटला. मारोती जिंकला. वामनरावानं कुरकुर केली, पण यशवंतरावांनी झेंडी गुंडाळली. "चाकोरी बदलायले तुमीच मान हलवली ना? मंग झालं." चंपतराव शब्दाचे पक्के. कापूस गोठ्याच्या माळ्यावर गेला. वामनराव दुसऱ्या दिवशी आपली कॅसेट घेऊन बसनं परत गेला. खोली राहिली, मारोती राहिला, मी राहिले.

आता चांगले दिवस येतील, असं मला वाटलं.

पण पोरांनी बुटक्याला पोहताना पाहिलं होतं. आता कुणी फळ्यांकडे बघेना. आलं पोरगं की टाक पाण्यात. "पोहते थो, आमी पाह्यलं!" बुटका बुडे. पुन्हा टाक. पुन्हा बुडे. मारोतीनं माझे स्क्रू काढले, दात स्पिरिटनं पुसले, फुंकरा मारल्या. काही फरक पडला नाही. पडणार कसा? मी बिघडलेली नव्हतेच.

पूर्वी बुटका बुडाला की पोरं हसायची. आता माझ्याकडे अशी बघायची, जणू मी त्याला मुद्दाम बुडवला. "खोटी हाय ही कॅसेट," एक जण म्हणाला. चपलांचा ढीग लहान होत गेला. एका सकाळी लाइट होती, टीव्ही चालू होता आणि खोलीत कुणीच नव्हतं.

मारोती चंपतरावांकडे गेला. "दादा, कापूस आण खोलीत."

चंपतराव दचकले. "काऊन? जिंकला ना तू?"

"जिंकलो. पण थे दुसऱ्याच्या पाण्यात. आपल्या पाण्यात कोणी येऊन नाई राह्यलं."

 चंपतराव गोठ्याच्या माळ्यावर चढले. मग कापूस आला. छतापर्यंत आला. मी कोनाड्यात पांढऱ्या अंधारात पडून राहिले. सेट विकला गेला.

खूप पुढे वामनरावाचा दुबईचा मेहुणा सुट्टीवर आला, तेव्हा ओसरीत बसून सांगत होता की असे खेळ देशादेशांप्रमाणे वेगळे बनवतात. एका देशात मुलांना चिलीम दाखवायची नाही, तर म्हाताऱ्याच्या हाती फूल देतात. एका देशात पाणी भीतीचं वाटलं, तर ते पोहण्याजोगं करतात आणि फळ्या काढून टाकतात. राहीबाई म्हणाली, "अगं बाई! मंग आपली खरीच होती की!"  भिंतीपलीकडे मी ऐकत होते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी पडली असेल, तर तिला ओलाव्यात ठेवू नका, तिच्या दातांवर थुंकी उडवू नका. आणि एकाच चेहऱ्याच्या दोन वस्तू वेगळ्या वागल्या, तर एकीला लगेच खोटी म्हणू नका. ती कुठून आली, ते आधी विचारा.

माझं पाणी खोल आहे. पण ज्यानं ते खोल केलं, त्यानंच त्यावर फळ्या ठेवल्या. माझ्या बहिणीच्या तळ्यावर त्या नाहीत. एकदा माझ्या फळ्यांकडे बघा.