मीटर खोटं बोलत नाही

चेलगाटनं पुन्हा मीटरला केबल लावली आणि मीटरनं तिला पुन्हा धुडकावलं. छोट्या पडद्यावर तेच: कंपनीचा शिक्का नाही, प्रोग्रॅम अमान्य.

केनियातल्या केरिचोच्या डोंगरावरल्या या गावात नळाला पाणी येण्याआधी बराच वेळ नुसती हवा फुसफुसायची, आणि मीटर ती हवाही पाणी म्हणून मोजायचं. चूक प्रोग्रॅममध्ये होती आणि प्रोग्रॅम चेलगाटचा होता. सकाळी चहा निवायच्या आत तिनं तो दुरुस्तही केला. पण मीटर बनवणाऱ्या कंपनीनं त्याला असं कुलूप घातलं होतं की लिहिणारीलाच आत थारा नव्हता.

गावाला कॅननं पाणी विकणाऱ्या नळाच्या टपरीमागे जाऊन तिनं नैरोबीला बारासाला फोन लावला. प्रोग्रॅमचा थोडा भाग त्यानं लिहिलेला. सहा वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट द्यायचं ठरलं, तेव्हा तो एका अटीवर अडून बसला होता: जो कुणी हे यंत्रात घालेल, त्यानं ते यंत्र उघडून बदलायची मुभाही लोकांना द्यावी. अशानं एकही कंपनी फिरकणार नाही आणि गावं कोरडी राहतील, असं म्हणून चेलगाटनं त्याला गप्प केलं होतं. आता ती अट घालायची, तर ज्यानं एक ओळ लिहिली त्याचीसुद्धा संमती लागणार होती.

"तुझा होकार हवाय," ती म्हणाली.

"तो तर कधीचा तुझ्याकडे पडून आहे, बाई." बारासा म्हणाला. "पण जे दिलं ते गेलं. अट पुढच्या प्रोग्रॅमला लागेल. तुझ्या गावच्या मीटरला नाही."

तिला ते ठाऊक होतं. दिलेलं परत घ्यायचं नाही, हे कलम तिनंच मोठ्या तोऱ्यात घातलं होतं.

ती पुढे आली तोवर पाणी समितीच्या बाया जमल्या होत्या. मीटरचा आकडा आणि भरलेले कॅन जुळत नव्हते; म्हणजे टपरी सांभाळणारी ताप्रान्दिच चोरून पाणी विकते, असं आत्याचं म्हणणं. चेलगाटची ही आत्या समितीची अध्यक्ष. मीटर खोटं बोलत नाही, आमच्या पोरीनं केलंय ते, असं ती प्रत्येकीला ऐकवत होती.

चेलगाटला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

"आत्या, चूक माझी आहे. मीटर हवा मोजतंय. ताप्रान्दिचनं थेंबही चोरलेला नाही."

"मग दुरुस्त कर."

"केलंय. मीटर घेतच नाही."

"तुझंच ना ते?"

"माझंच."

बाया एकमेकींकडे बघून गालात हसल्या. आपण शिवलेलं आपल्यालाच उसवता येत नाही, असं कुठं असतं का, कुणीतरी पुटपुटलं. आत्यानं चेलगाटच्या पाठीवरून हात फिरवला.

"लहानपणापासून अशीच. दुसऱ्याचं पाप अंगावर घेते. फार मायाळू."

चेलगाट पुन्हा सांगू लागली: शिक्का, कुलूप, अट. कुणाला काही उमजेना. ताप्रान्दिच तेवढी नीट ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं कमरेची टपरीची किल्ली सोडली, मीटरवर ठेवली आणि आपला रिकामा कॅन उचलून ओढ्याच्या वाटेला लागली.