देवमनच्या पोरीचा लेझर

माझा धाकटा भाऊ देवमन म्हणजे राईचा पर्वत करणारा माणूस. राई नसली तरी त्याचं अडत नाही. वीज मंडळात वायरमन होता, तेव्हा खांबावरून खाली उतरेपर्यंत तो खांब त्याच्या बोलण्यात दुप्पट उंच झालेला असे. गावानं त्याचं नाव ‘फेकू देवमन’ पाडलं. मी त्याची थोरली बहीण, सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेली. मला त्या नावाची भारी चीड येई, पण नाव चुकीचं आहे असं म्हणायचीही सोय नव्हती.

त्याची एकुलती एक मुलगी सपना बंगळुरूच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. एका उडत्या विमानातून दुसऱ्या उडत्या विमानाकडे लेझरच्या प्रकाशावर संदेश पाठवायचा, हे तिचं काम. मागच्या हिवाळ्यात त्यांना चाचणीसाठी मोकळं आकाश हवं होतं आणि खाली यंत्रांची गाडी उभी करायला मोकळं माळरान. सपनानं आमच्या पांगरखेड्याचं गायरान सुचवलं. दोन छोटी विमानं अकोल्याच्या धावपट्टीवरून उडणार आणि आमच्या डोक्यावर येऊन फिरणार, असं ठरलं. परवानग्या आल्या आणि देवमनला पंख फुटले.

शिरपूरच्या बसस्टँडपासून वाशीमच्या कचेरीपर्यंत त्यानं एक माणूस सोडला नाही. "माह्या पोरीचा लेझर हाय. या इमानातून त्या इमानात जाईन. लाल-हिरवा! आभायात दोरी बांधल्यावानी दिसन. लेकरं-बाकरं घेऊन या."

चाचणीच्या आदल्या दिवशी सपना घरी आली. जेवता जेवता हे तिच्या कानावर गेलं आणि तिचा घास हातातच राहिला.

"बाबा, काहून सांगून ठेवलं असं? तो उजेड डोळ्याले दिसतच नाही."

"दिसत नाही म्हंजे? लेझर हाय ना?"

"हाय. पण माणसाच्या डोळ्याले न दिसणारा हाय. तुमाले दोन इमानं दिसतीन, बस. मधात काहीच नाही."

देवमन हसायला गेला आणि त्याचा चेहरा पडला. तिची आई लिलाबाई म्हणाली, "भोगा आता." मला हसू आलं होतं, ते मी पदराआड केलं.

जेवणं झाल्यावर मी सपनाला नीट विचारून घेतलं. शिकवायची सवय असलेल्या माणसाला समजून घेतल्याशिवाय झोप येत नाही. ती म्हणाली, "आत्या, असं समज, दोन मोटरसायकली दोन येगयेगळ्या रस्त्यानं चालल्या हायेत. मधात कोसाचं अंतर. एकीवरच्या माणसानं टॉर्चचा झोत दुसरीवरच्या माणसाच्या डोळ्याच्या बाहुलीवर धरून ठेवाचा. खड्डा आला तरी, वळण आलं तरी." रेडिओ कुणीही ऐकू शकतो, कुणीही त्यात खरखर घुसवू शकतो. हा झोत मात्र ज्याच्या डोळ्यात पडला त्यालाच कळतो, आणि रेडिओच्या कितीतरी पट मजकूर वाहून नेतो. झोत नेमका धरून ठेवणारं यंत्र सपनानं स्वतः घडवलं होतं.

"मंग अडचण काय हाय?" मी विचारलं.

"सरळ उडताना जमते. वळताना तुटते." तिनं अंथरूण उलगडलं. "उद्याचं उड्डाण शेवटचं हाय, आत्या. परवानगी उद्यालोकच. वळणावर झोत तुटला तर कंपनी बाहेर देशातलं यंत्र इकत घेणार. माहं बंद पेटीत जाईन."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, त्यामुळे मलाच भरून आलं. बाराखडी मी गिरवून घेतलेली पोर. तिच्या कित्येक वर्षांच्या कष्टाचा निकाल एका वळणावर लागायचा होता.

दुसऱ्या दिवशी सपना पहाटेच अकोल्याला गेली. ती स्वतः विमानात बसणार होती. दुपारी मी गायरानावर पोचले तर जत्राच भरलेली. आजूबाजूच्या गावांतून मोटरसायकलींवर तिघं-तिघं बसून आले होते. आमच्या गावचे बबनराव तर घरची खुर्ची घेऊन आले होते. मोठ्या बागायतीचे धनी आणि जिभेनं तिखट. "वायरमन," ते मोठ्यानं विचारत होते, "कुटी हाय तुयी दोरी?"

देवमन मात्र कुठंच दिसेना. मला संशय आला. कंपनीच्या गाडीपासून लांब, बाभळीच्या मागे, आमच्या भाच्याचा, प्रसेनजितचा डीजेचा टेम्पो उभा होता. भीमजयंतीला तालुक्यात त्याच्या डीजेशिवाय मिरवणूक हलत नाही. टेम्पोवर एलईडीचा मोठा पडदा आणि खाली मिरवणुकीत आभाळभर झोत फेकणारे चार शार्पी दिवे, तोंडं वर करून ठेवलेले. देवमन जनरेटरची वायर जोडत होता.

मी काय समजायचं ते समजले. "देवमन! हे काय चाललं?"

"अक्का, थोडासाच उजेड सोडतो. धुराची मशीन बी हाय. इमानं आली की लाल, हिरवा. लोकाईचं समाधान होऊन जाईन."

"मामा म्हणे सपनानंच सांगतलं," प्रसेनजित बिचारा म्हणाला.

तेवढ्यात मागून सपनाच्या साहेब, योगिनी मॅडम आल्या. पुण्याकडच्या, केस बारीक कापलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. दिवे बघून त्या पांढऱ्याफटक पडल्या. "हे कुणाचं? विमानांकडे जमिनीवरून एक जरी झोत गेला, तर वैमानिक चाचणी रद्द करून परत जातात. तसा नियमच आहे. आणि आज परत गेले तर पुन्हा येणार नाहीत."

देवमनच्या हातात वायर तशीच राहिली. त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्का, नाक कापलं जाईन माहं."

मला असा संताप आला की सगळी माणसं ऐकतायत याचं भान राहिलं नाही. "जाऊ दे कापलं! बह्याडा, तुह्या नाकासाठी पोरीचं उड्डाण खाली उतरवतं काय? रातदिवस एक करून तिनं जे उभं केलं, ते तू चार दिव्यांत जाळून टाकाले निंगाला!"

देवमननं जनरेटरमधून दिव्यांची वायर उपसली, शार्पी दिवे एकेक करून जमिनीकडे तोंड करून पालथे घातले. मग प्रसेनजितचा माइक मागून घेतला आणि टेम्पोवर चढला.

"बाप्पाहो, आयका. लाल-हिरवं काही दिसणार नाही. तो उजेड डोळ्याले दिसतच नाही. म्या तुमाले चुकीचं सांगतलं. माही पोरगी असं काही बोलली नव्हती. जे फेकलं ते म्या फेकलं."

असा हशा उसळला की झाडावरचे बगळे उडाले. बबनराव खुर्चीतून न उठताच ओरडले, "फेकू देवमन की...!" आणि पोरांनी "जय!" म्हटलं. काही लोक चपला झटकून परत निघाले. देवमन टेम्पोवर तसाच उभा राहिला, मान खाली न घालता. मला त्याचा राग होता, आणि त्याच क्षणी तो मला जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता. पोरीचं नाव वर राहावं म्हणून त्यानं स्वतःचं गावासमोर पायदळी तुडवू दिलं होतं.

योगिनी मॅडम त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी प्रसेनजितला विचारलं, "तुमच्या या पडद्याला आमची केबल लागेल का?"

टेम्पो कंपनीच्या गाडीजवळ आणला, केबल लागली. मॅडमनी माइक माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "तुम्ही शिक्षिका ना, तुम्हीच सांगा." मी सांगितलं. एका विमानात कॅमेरा आहे. तो खाली आपलं गाव बघतो. ते चित्र न दिसणाऱ्या उजेडावरून दुसऱ्या विमानात जातं आणि तिथून साध्या रेडिओनं खाली या पडद्यावर येतं. चित्र हलतं आहे तोवर उजेड पोचतो आहे. चित्र थिजलं की समजा, उजेड तुटला. निघालेली माणसं थांबली. बबनरावांनी खुर्ची पडद्याकडे वळवली.

ऊन उतरू लागलं तशी विमानं आली. दोन टोकांना दोन ठिपके, मधे नुसतं निळं आकाश. आणि पडदा उजळला. आमचं गायरान, बुद्धविहाराचा पांढरा घुमट, मारुतीचं देऊळ, हरभऱ्याचे हिरवे तुकडे. "अव माय, आपलं घर!" लिलाबाई किंचाळली. एका पोरानं हात हलवला, आणि पडद्यावर मुंगीएवढा हात हलला. मग सगळ्या गायरानानं हात हलवले.

"आता वळण," मॅडम म्हणाल्या.

दोन्ही ठिपके एकदम कलले. पडद्यावर गाव तिरपं झालं, घसरलं आणि थिजलं. एका बैलगाडीचं अर्धं चाक आणि बाजूला काळी पट्टी. सगळ्या माणसांच्या तोंडून एकच "आऽऽ" निघालं. देवमननं माझा दंड धरला.

गाडीतल्या स्पीकरवरून सपनाचा आवाज आला. मॅडमशी ती पुस्तकी मराठीत बोलत होती. "मॅडम, अजून एक वळण द्या."

"सपना, इंधन एकाच फेरीचं आहे. सरळ फेरी घेतली तर निदान अंतराचा विक्रम तरी नोंदवता येईल. हातचं घालवू नकोस."

"सरळ जमतं हे आपल्याला माहीतच आहे. दुसरं विमान कुठे आहे याचा पत्ता यंत्र रेडिओवरून घेतं. वळताना तो पत्ता शिळा होतो, आणि यंत्र जुन्या जागी झोत टाकतं. विमानं सरळ होऊन झोत जुळला की मी पत्ता बंद करते. समोरून जो उजेड येतोय त्याच्याच मागे जाऊ दे."

"आणि तो उजेड सुटला तर? शोधायला काहीच उरणार नाही."

"नाही उरणार," सपना म्हणाली. "पण सुटणार नाही."

मी देवमनकडे बघितलं. अगदी त्याच्यासारखं बोलली होती पोर. मॅडमनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाल्या, "घे."

विमानं सरळ झाली, झोत पुन्हा जुळला आणि थिजलेलं चित्र सुटलं. पुन्हा गाव, पुन्हा घुमट. ठिपके सरळ गेले, मग कलले, आधीपेक्षाही जास्त. गाव तिरपं झालं. घसरलं. पडद्याच्या कडेला एकदा थरथरलं. मी श्वास धरला, माझ्या बाजूच्या बाईनं माझा हात धरला, ती कोण होती हे मला आजही माहीत नाही. आणि चित्र हलतच राहिलं. बैलगाडी चालत राहिली, दोन्ही चाकं पूर्ण, मागे धूळ. पडद्यावर गाव पूर्ण एक फेरी फिरलं. विमानं सरळ झाली तरी ती बैलगाडी चालतच होती.

योगिनी मॅडम, त्या कमी बोलणाऱ्या बाई, स्पीकरला ओरडल्या, "धरलंस! पूर्ण वळण धरलंस!" आणि तिथून सपनाचं हसणं आलं, रडण्याच्या अगदी जवळचं.

गायरानावर जो गलका झाला तो शब्दांत मावणार नाही. प्रसेनजितनं विचारलं, "मामा, आता वाजवू काय?" विमानं दूर गेली होती, मॅडमनी मान डोलावली आणि ढोल दणाणले. बाया नाचल्या, बापे नाचले, मी नाचले. माझ्या गुडघ्यांना ते मान्य नव्हतं, पण मी त्यांना विचारलंच नाही. आमच्या गल्लीतली पोर, माझ्या पाटीवर ‘अ’ गिरवलेली, आकाशात दोन विमानांना उजेडानं बांधून गेली होती, आणि मला अभिमानानं काय करावं ते सुचत नव्हतं.

देवमन नाचत नव्हता. तो मान वर करून ठिपके गेले त्या बाजूला बघत होता. बबनराव आपली खुर्ची उचलून त्याच्याजवळ आले. मला वाटलं, आता काहीतरी तिखट निघणार, आणि मी पदर खोचला.

बबनरावांनी खुर्ची खाली ठेवली. देवमनला खांद्याला धरून तिच्यात बसवलं आणि स्वतः समोर उभे राहिले.

"लेका देवमन," ते म्हणाले, "तू तं कमीच सांगतलं होतं."

असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. देवमननं तोंड उघडलं, काही फेकायला शोधलं, सापडलं नाही, आणि तो बबनरावांच्या खुर्चीत बसून सगळ्या गावासमोर पोटभर रडला.