माझ्या सातव्या प्रकरणाबद्दल मला शंका होती

मी एक जुने आत्मचरित्र आहे, आणि 'आत्म' या शब्दावर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. मित्रांनो, माझ्या पानापानांतून जो 'मी' बोलतो तो जयवंत राऊळ, एकेकाळचा नामवंत कबड्डीपटू. पण आतल्या पानावर, किमतीच्या वर, बारीक अक्षरांत 'शब्दांकन' असे लिहून एका उपसंपादकाचे नाव दिले आहे. म्हणजे खेळला एक, लिहिले दुसऱ्याने, आणि मुखपृष्ठावर नाव एकाचेच. ज्या वस्तूच्या जन्मातच अशी विसंगती आहे, तिने स्वतःबद्दल सावध राहिलेले बरे.

गिरगावातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पाठीवर 'प्रत्येक तरुणाने वाचलेच पाहिजे' असे छापलेले आहे. हे वाक्य मुखपृष्ठाबरोबरच छापले गेले, तेव्हा मला कोणी वाचलेलेच नव्हते. मग हे मत बनले कशाच्या आधारावर, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

पुढे माझी रवानगी लालबागमधल्या एका क्रीडा मंडळाच्या वाचनालयात झाली. वाचनालय म्हणजे व्यायामशाळेच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. त्यात पोहणारे, धावणारे, कुस्तीगीर अशा अनेकांची आत्मचरित्रे आहेत. आम्ही सगळे लहानपणी गरीब असतो, मध्ये एकदा हरतो आणि शेवटी जिंकतो. इतक्या वेगवेगळ्या माणसांची आयुष्ये इतकी सारखी कशी, असा प्रश्न मला पडतो. वाचकांना तो सहसा पडत नाही.

राऊळ याच मंडळाचे खेळाडू. त्यामुळे मंडळात माझ्याबाबत एक प्रथा पडली. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मला मारुतीच्या तसबिरीपुढे पाटावर ठेवतात, नारळ फोडतात आणि माझे सातवे प्रकरण मोठ्याने वाचतात. त्यात मजकूर असा: अंतिम सामन्यात राऊळांच्या गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला, त्यांनी गमछा घट्ट बांधला, आणि शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून सामना जिंकला. वाचन संपले की खेळाडू रांगेने येऊन माझ्यावर कपाळ टेकतात. सातव्या प्रकरणाची पाने कुंकवाने आणि तेलाने मऊ पडली आहेत. त्यापुढची पाने अजून कोरी करकरीत आहेत. माझे कौतुक आणि माझी उपेक्षा अशी एकाच वेळी होत आली.

यंदा मंडळाच्या मुलींचा संघ अंतिम फेरीत पोचला. संघाची मुख्य चढाईपटू प्राची. रविवारच्या सामन्याला राज्य संघाचे निवडकर्ते येणार होते, आणि उपांत्य सामन्यातच तिचा उजवा गुडघा मुरगळला होता. गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, अर्धवट फाटलेला आहे, आत्ता खेळलीस तर उरलेलाही जाईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. प्राचीने ते घरी सांगितले नाही. तिने कपाट उघडले आणि मला बाहेर काढले.

वाचनालय सांभाळणाऱ्या मीनाक्षीबाई समोरच बसल्या होत्या. परळच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे. पुस्तक परत आले की त्या प्रथम विचारतात, "यातलं काय पटलं नाही?"

"बाई, राऊळकाका खेळले की," प्राची म्हणाली. "माझा तर अर्धाच फाटलाय."

"फाटलेला गुडघा वळताना दगा देतो. चढाईत वळल्याशिवाय परत कशी येणार? हे त्या शब्दांकनवाल्यानं रचलेलं आहे."

"छापलंय ना पण."

"छापलंय म्हणजे कागदाला शाई लागलीय. एवढंच सिद्ध होतं."

प्रशिक्षक सुशांत दारात उभा राहून ऐकत होता. "बाई, विज्ञानानं कबड्डी जिंकता येत नाही."

"गुडघा मात्र विज्ञानानंच वाकतो, सुशांत."

"पट्टी घट्ट बांधू गं," तो प्राचीला म्हणाला. "निवडकर्ते काय दरवर्षी येतात?"

मला बाईंचे म्हणणे पटले होते. माझेच सातवे प्रकरण मला खोटे वाटत आले होते. तीन गडी, शेवटची चढाई, गमछा: सगळे फारच नेमके जुळत होते. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुस्तकाला तोंड नसते.

शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या अंगणात पाट मांडला. यंदा खुद्द राऊळांना बोलावले होते. ते फणसवाडीत मुलीकडे राहतात. टॅक्सीतून उतरताना त्यांनी आधी काठी टेकवली, मग डावा पाय ठेवला आणि उजवा पाय हाताने धरून बाहेर काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीनाक्षीबाईंनी वाजवल्या नाहीत; त्या पायाकडे पाहत होत्या.

सगळे खाली मांडी घालून बसले. राऊळांनी खुर्ची मागितली. सुशांतने मला उचलले आणि वाचायला सुरुवात केली. काडी मोडल्याच्या वाक्याशी प्राचीने मध्येच विचारले, "काका, हे खरं आहे?"

वाचनात आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता.

"खरां गो बाय," राऊळ आपल्या मालवणीत म्हणाले. "खेळलंय. तीन गडी मारलंय."

म्हणजे बाईंचा अंदाज चुकला होता, आणि माझाही. सुशांतने बाईंकडे पाहिले. जिंकलेल्या माणसाचे पाहणे होते ते.

बाई मात्र थांबल्या नाहीत. "यानंतरचा सामना तुम्ही कोणाशी खेळलात?"

"यानंतरचो?" राऊळ हसले. "यानंतर सामनोच नाय झालो. तोच शेवटचो. तेव्हा मी बाविशीचो होतंय."

सुशांतने पान उलटले. आठवे प्रकरण राऊळ प्रशिक्षक झाल्यापासून सुरू होते. मधली वर्षे माझ्यात नाहीत.

"हे पुस्तकात का नाही?" बाईंनी विचारले.

"मी सांगितललंय सगळां. तो लिवणारो म्हणालो, काका, ह्यां कोण वाचतला? लोकांका उभारी व्हयी." मग ते प्राचीकडे वळले. "पोरीच्या लग्नात कन्यादान खुर्चयेर बसान केलंय गो. भटजी म्हणालो, चलता. चलता म्हणालो, पण माका नाय चलला."

प्राचीने स्वतःच्या मांडी घातलेल्या पायाकडे पाहिले. मग सुशांतला म्हणाली, "दादा, उद्या माझ्या जागी सुरुचीला घ्या."

"सुरुचीला चढाई येते का?"

"नाही येत. मला पण आता येत नाहीये."

सुशांतने मला मिटून पाटावर ठेवले. त्या संध्याकाळी वाचन अपुरे राहिले.

रविवारी संघ हरला, आणि निवड दुसऱ्या मंडळाच्या मुलीची झाली. वाचन अपुरे राहिल्यामुळेच हरलो, असे काही जण म्हणाले. पूर्ण वाचन होऊनही संघ हरल्याची वर्षे त्यांना आठवली नाहीत. सुशांत आठवडाभर प्राचीशी बोलला नाही. ती रडली, असे बाईंच्या तोंडून कळले.

मित्रांनो, मला वाटत आले होते की आत्मचरित्रात शोधायचे ते खोटे. माझ्यात खोटे काहीच निघाले नाही. जे खरे होते ते अर्धे कापलेले होते, आणि ते तर एका मुलीचा पाय घेऊन जायला निघाले होते. खेळाडूंची आत्मचरित्रे जरूर वाचा. आमच्या पानांना तेल-कुंकू लावू नका, कोपरे दुमडू नका. पण आमची खरी निगा राखायची तर आम्हांला प्रश्न विचारा. उत्तर आत सापडले नाही, तर आम्ही ज्याचे आहोत तो माणूस हयात असताना त्याला चहाला बोलवा.

परवा प्राची कपाटापाशी आली होती. तिने एका धावपटू बाईंचे आत्मचरित्र काढले, मुखपृष्ठावरचा फीत तोडतानाचा फोटो पाहिला आणि विचारले, "बाई, ह्या आता जिना चढतात का?"

"माहीत नाही," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "वाच, आणि नसेल लिहिलं तर आपण पत्ता काढू."