दम किती लागला?

आजींनी जन्मभर लहान मुलांना अक्षरं गिरवायला शिकवलं. आता त्यांचं हृदय अशक्त झालं होतं आणि गेल्या वर्षी तोच आजार त्यांच्या मुलाला, म्हणजे चिमीच्या बाबांना निघाला. तेव्हा रुग्णालयात नव्या गोळीची पारख चालली आहे असं कळताच आजींनी आपणहून नाव दिलं.

"गोळीत औषध आहे की नुसती साखर, हे तुला कधी कळणार?" चिमीनं विचारलं होतं.

"सगळं संपल्यावर. डॉक्टरांनाही तेव्हाच कळणार."

"म्हणजे फसवतायत तुला!"

"आधी सांगून? लपाछपीत ज्याच्यावर राज्य असतं तो डोळे मिटतो. त्याला कुणी फसवतं का गं?"

चिमीला पटलं.

आज चालण्याची चाचणी होती. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं, आपल्या नेहमीच्या चालीनं चालायचं. आजींनी मात्र गॅलरीत येरझारा घालून चांगली तयारी केली होती. सराव न करता परीक्षेला बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. शाळेला सुट्टी म्हणून चिमीही बरोबर आली होती.

आजी भराभर चालल्या. शेवटी शेवटी ओठ पांढरे पडले, तरी थांबल्या नाहीत.

नर्सताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. "दम किती लागला, आजी? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा."

"दोन," आजी धापा टाकत म्हणाल्या.

"आजी! चक्क थाप!" चिमी ओरडली. "काल जिन्यात दोनदा बसलीस की!"

"चोंबडी कुठली," आजी पुटपुटल्या.

नर्सताई स्टूल ओढून समोर बसल्या. "हे बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते तर काढून टाकलं असतंत. मग माझ्या लेकाला औषध कधी मिळायचं?"

"आजी, वर्गात एखाद्यानं शेजारच्याच्या पाटीवरून बेरीज उतरवली, तर काय व्हायचं?"

"काय व्हायचं? त्याला येतंय असं समजून मी पुढचं शिकवायचे, आणि तो बिचारा..." आजी मध्येच थांबल्या.

"तुमच्या दोनावरून आम्ही समजणार, गोळी लागू पडतेय. मग तीच उद्या तुमच्या मुलाला देणार."

आजींनी चिमीला जवळ ओढलं.

"आठ," त्या म्हणाल्या. "आणि रात्री आडवं पडलं की श्वास कोंडतो, दोन उश्या लागतात."

डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, सुजलेले पाय दाबून पाहिले आणि ती गोळी तूर्त बंद केली. "पण तपासणीला येत राहायचं हं. गोळी सोसली नाही, हेही आम्हाला कळायला हवंच."

बाहेरच्या बाकावर बसून आजींनी मुलाला फोन लावला. चिमीनं फोनला कान चिकटवला.

"झाली का चाचणी? कशी आहेस?"

"खरं सांगू का रे? फार दम लागतो मला. तू काळजी करशील म्हणून गप्प होते."

"मलाही लागतो, आई. हल्ली जरा जास्तच."

आजींनी चिमीचा हात घट्ट धरला. "मग असशील तसा निघ, बाळा. रिक्षानं ये, चालू नकोस. डॉक्टर अजून आत आहेत. आम्ही दोघी इथं बाकावरच बसलोय."