सविताच्या पिशवीतली चप्पल

मित्रांनो, माझी जोडीदारीण उसाच्या फडात चिखलात रुतून गेली. मागे उरले मी एकटी, जाड तळव्याची चामड्याची चप्पल. जामखेडच्या बाजारात राधाकृष्ण नावाच्या कारागिराने मला शिवले आणि ऊसतोडीला निघालेल्या भागवतने पायात घातले. एकट्या चपलेला खरे तर कुणी ठेवत नाही. मला ठेवले ते एका दुखण्यामुळे.

सविता ही भागवतची बायको. मोळी बांधता बांधता एकदा ती कोसळली. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. "फिट आली! चप्पल हुंगवा!" बायका ओरडल्या. मला तिच्या नाकाशी धरले. थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली आणि सगळे म्हणाले, "चप्पल लई गुनाची हाय." मित्रांनो, फिट आपोआपच थांबली होती. कौतुक मात्र माझे झाले आणि मी सविताच्या पिशवीत राहायला गेले.

फिट पुन्हा पुन्हा येऊ लागली. बायका तिच्या हातची भाकरी घेईनात. "सुनंला बाहेरची बाधा हाय," म्हणत सासू झुंबरबाई तिला माहेरी धाडायची भाषा करू लागली. सविता पिशवीत हात घालून मला चाचपत बसे.

तोडणी संपवून आम्ही गावी आलो, तेव्हा डॉक्टरांचे एक पथक घरोघर फिरत होते. फिट कशामुळे येते आणि ती येऊच नये म्हणून काय करावे, याचे ते संशोधन करत होते.

"आमच्यात कुनाला न्हाई," झुंबरबाईने दारातूनच सांगितले.

"मला हाय, डॉक्टर," आतून सविता बाहेर येत म्हणाली. सासूसमोर एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती.

पथकातल्या डॉक्टर मोनिकांनी तिला नगरच्या दवाखान्यात नेऊन तिच्या मेंदूचा फोटो काढवला; सासूही सोबत आली होती. त्यात एक बारीक गाठ दिसली. "कुणाला डोक्याच्या मारामुळे फिट येते, कुणाला जन्मताना झालेल्या त्रासामुळे," त्या म्हणाल्या. "सविताच्या मेंदूत जंताची अळी गेली. डुकराचं मांस कच्चं राहिलं की तो जंत पोटात वाढतो."

झुंबरबाई भडकली. "आमच्या घरात अंडं सुदिक शिजत न्हाई!"

"आजी, मांस खाणारा दुसराच कुणीतरी. त्याच्या शौचातून जंताची अंडी मातीत, पाण्यात जातात. तिथून न धुतलेल्या हातांवर, भाजीवर आणि मग आपल्या पोटात. तोडणीला असता तिथं संडास आहे का?"

"कसला संडास? वढ्याचं पानी पितो आमी." झुंबरबाईने वळून सविताकडे पाहिले. "म्हंजी हिच्या अंगात कायबी न्हाई? आन मी हिला घराबाहेर काढाया निघाले हुते!" तिने सविताचा हात धरला, तो दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

सविता नेमाने गोळ्या घेऊ लागली. हळूहळू फिट थांबली. पुढे ती पथकाबरोबर वस्त्यांवर जाऊ लागली. हात साबणाने धुवा, भाजी धुऊन घ्या, असे सांगायची. कुणी काही लपवते आहे असे वाटले, की जवळ बसून म्हणायची, "माझ्या घरचे बी न्हाईच म्हनत हुते. तुमी मला सांगा."

एके सकाळी तिने मला पिशवीतून काढले आणि उंबऱ्याबाहेर ठेवले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण पिशवी हलकी करून ती किती झपाझप चालत गेली!

मित्रांनो, कुणाला फिट आली तर आम्हा चपलांना दाराबाहेरच राहू द्या. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, फिट थांबेना तर दवाखान्यात न्या. आणि तो जागा होईपर्यंत जवळ बसा. डोळे उघडताच त्याला दिसावा, तो आपल्या माणसाचा चेहरा.