जयमालाची पहिली तारीख

ज्युनिअर वकिलाचं मुख्य काम काय, तर उभं राहून तारीख मागणं. कायदा काय, शिकता शिकता येतोच. चिखलीच्या कोर्टात जयमालानं हे काम पाच वर्षं इमानेइतबारे केलं, तेही उकंडराव वकिलांसाठी, ज्यांचा पुकारा नेमका दोन कोर्टांत एकाच वेळी व्हायचा.

गेल्या महिन्यात तिनं कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली स्वतःचं टेबल टाकलं. सरांना सांगायला गेली तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले आणि फाइल वाचत राहिले. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. सरांनी हाताला धरून शिकवलं आणि आपण पंख फुटताच उडालो, ही टोचणी तिला घास गिळू देत नव्हती.

पहिली पक्षकार मिळाली सुभद्राबाई. तिच्या मळ्याच्या वाटेवर शेजाऱ्यानं काटेरी कुंपण घातलं होतं आणि आत मेथी काढणीला आलेली.

"वकीलबाई, आज हुकूम नाही भेटला त मेथी वावरातच सडून जाईन," सुभद्राबाईनं सकाळीच बजावलं.

पुकारा झाला. रात्रभर घोकलेलं सगळं तयार होतं. जयमाला ताडकन उठली आणि तोंडातून सरळ बाहेर पडलं, "मॅडम, सर दुसऱ्या कोर्टात आहेत. पुढची तारीख मिळावी."

जित्याची खोड, दुसरं काय! समोरच्या वकिलाला तर हेच हवं होतं. हसू दाबत तो म्हणाला, "आमची काही हरकत नाही." न्यायाधीश मॅडमनी पेन उचललं. जयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. ती घाईघाईनं फाइलची पानं उलटायला लागली, आणि मागे सुभद्राबाई डोळे फाडून बघत होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. स्वतःच्या पुकाऱ्याची वाट बघत बसलेले उकंडराव उभे राहिले.

"मॅडम, ते सर म्हणजे मीच. मी इथंच आहे आणि या प्रकरणात माझं वकीलपत्र नाही. वकील जयमाला मॅडमच आहेत. त्यांची तयारी मला ठाऊक आहे. त्यांना आजच ऐकावं, एवढीच विनंती."

न्यायाधीश मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बोला, वकील मॅडम."

मग मात्र जयमाला अशी बोलली की समोरच्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. दुपारी कुंपण काढून वाट मोकळी करायचा हुकूम झाला. सुभद्राबाई आभार मानायलाही थांबली नाही, तिला माणसं जमवायची होती.

व्हरांड्यात सर दिसताच जयमाला पाया पडली. डोळे भरून आले होते, ते लपवायचीही तिला गरज वाटली नाही.

"सर, मले वाटलं तुम्ही माह्यावर रागावले."

"रागावलोच होतो. इतकी तयार पोरगी गेल्यावर कोणाले राग येत नाही?" उकंडरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उपकार कायचे मानतं? पाच वर्स तू माह्यासाठी तारखा मांगल्या. आज म्या तुह्यासाठी एक नाकारली."