झाडाखालच्या वर्गातला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. लाकडी पाटी, तिच्यावर काचेची नळी आणि नळीत लाल रंगाचं स्पिरिट, एवढाच माझा संसार. पारा माझ्यात नाही. तो आमच्या शाळेच्या मोठ्या सरांकडे होता, आणि कधी चढेल याचा नेम नव्हता.

मित्रांनो, माझा जन्म एका काचकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. त्याने मला आधी बर्फात बुडवून शून्याची रेघ मारली, मग गरम पाण्यात घालून वरची. एवढे हाल सोसल्यावर खोटं बोलायची कुणाची छाती होईल? शाळेत आलो तेव्हा मला बघायला रांग लागायची. पुढे मात्र कार्यालयाबाहेर धूळ खात लटकलो. शिक्षा म्हणून बाहेर उभी केलेली मुलंच काय ती माझ्याकडे बघत, तीही दुसरं बघायला काही नसे म्हणून.

मग विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. हवामान बदलाचा धडा चालू होता. पुस्तकात कुठल्या तरी दूरदेशीचा बर्फ वितळत होता आणि मुलं जांभया देत होती. बाईंनी पुस्तक मिटलं. "चला, आपल्या दाराशी काय बदललंय ते बघू," म्हणाल्या, आणि मला ओल्या फडक्याने पुसून बाहेर घेऊन आल्या. शाळेमागच्या मोठ्या झाडाखाली दर शुक्रवारी वर्ग भरू लागला. किती वर्षांनी मला वारा लागला म्हणून सांगू!

मोठ्या सरांना हे काही पटेना. "हा वर्ग आहे की सहल? पुढच्या शुक्रवारी मी स्वतः येणार. नुसतं हुंदडणं दिसलं, तर सगळे परत आत आणि हे डबडं भंगारात!"

डबडं म्हणजे मी.

वर्गात एक मुलगी होती. अंगाने एवढीशी आणि सतत चुळबुळ, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिची आत्या टेकडीवरच्या वस्तीत राहायची, मध काढायची. हे गाव वसायच्या कितीतरी आधीपासून आत्याची माणसं त्या टेकडीवर आहेत. महिन्यांना त्यांची नावंही वेगळी, झाडांवरून आणि मधमाश्यांवरून ठेवलेली. बाईंनी त्या शुक्रवारी आत्यालाही बोलावलं.

शुक्रवारी मुलांच्या अंगात नुसता उत्साह संचारला होता. मला सिमेंटच्या अंगणात भर उन्हात धरलं, आकडा वाचला, तसंच पळवत झाडाखाली आणलं आणि लगेच दुसरा आकडा वाचला. मला धाप लागलेली! एका गटाने एक आकडा ओरडून सांगितला, दुसऱ्याने क्षणभराने भलताच.

नेमके तेवढ्यात मोठे सर आले. "एकाच झाडाखाली दोन आकडे? यंत्रच खोटं आहे!"

बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात झाडाखाली येऊन बसलेली आत्या खळखळून हसली.

"अहो सर, आमच्यात पाहुणा आला की आधी त्याला जरा टेकू देतात. घाम वाळला की मग विचारायचं काय ते. रानात गेलो तरी तसंच. आधी गप बसायचं. पाखरं परत बोलायला लागली की मग कामाला हात लावायचा. ह्या बिचाऱ्याला तर तुम्ही उन्हातून पळवत आणलंत!"

"अगं बाई!" बाईंनी कपाळाला हात लावला. "त्याला स्थिर होऊ द्यायला मी सांगायलाच विसरले."

सगळे बसले. सर थोडा वेळ ताठ उभे राहिले, मग रुमाल अंथरून तेही टेकले. एक पाखरू बोललं, मग दुसरं. माझाही जीव खाली बसला. आता सगळ्यांनी एकच आकडा वाचला. मग अंगणात, थेट ऊन लागू नये म्हणून छत्री धरून, मला तसंच निवांत टांगलं, तर तिथला आकडा इतका जास्त निघाला की सर मुकाट्याने परत झाडाखाली येऊन बसले.

पण त्या शांततेत मुंगीच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. "आत्या, फुलांचा तर सडा पडलाय. मग माश्या कुठेत?"

आत्याचं हसू मावळलं. "आमच्यात ह्या महिन्याचं नावच 'झाड गुणगुणतं तो महिना'. माझी आजी सांगायची, झाडाखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आता फुलं लवकर येतात, माश्या येईतो गळून जातात. मधाचं सोड गं, त्या खाणार काय?"

"उष्णता वाढली म्हणून?" सरांनी विचारलं.

"एका दिवसाच्या आकड्यावरून तसं म्हणता येणार नाही सर," बाई म्हणाल्या. "वर्षानुवर्षांचं बघावं लागतं. आत्यांच्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. आपण आत्ता कुठे मोजायला लागलोय."

खरं सांगतो, तोवर मला वाटायचं, सगळं मलाच कळतं. पण मी फक्त आत्ताचं सांगतो. मागचं सांगायला माणसंच लागतात.

घंटा झाली. मुलं सरांच्या तोंडाकडे बघत राहिली. सर म्हणाले, "मुंगे, माश्या येतील त्या दिवशी मला हाक मार. मीटिंग चालू असली तरी."

आणि तिने मारली! पाहुण्यांना तसंच बसवून सर धावत आले. झाडावर ओंजळभर फुलं उरली होती आणि त्यांच्यावर माश्यांची झुंबड उडाली होती. मुंगीने आत्यालाही बोलावून आणलं होतं. सर तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "आत्याबाई, ह्यांना उशिरा फुलणारं काय लावायचं?"

आज निम्म्या अंगणातलं सिमेंट गेलं आहे. तिथे आत्याने निवडलेली झुडपं आहेत, आणि मी त्यांच्या सावलीत टांगलेला असतो.

मित्रांनो, तुमच्या दारातलं झाड कधी फुलतं, त्याच्यावर कोण येतं, ते बघत जा. मला जपा, पण माझी काच उद्या फुटलीच तर दुकानात दुसरा तापमापक मिळेल. आत्यासारखी माणसं दुकानात मिळत नाहीत. ती आहेत तोवर त्यांच्या शेजारी जाऊन बसा.